सगळं ‘टॉम अँड जेरी’ एका हातचं नाही

प्रश्न: लहानपणी ‘टॉम अँड जेरी’ बघताना हसून मुरकुंडी वळायची. आता मुलांबरोबर बसून तेच पुन्हा बघतो, तर काही भागांना अजून तसंच हसू येतं आणि काही अगदी रटाळ, कधी कधी तर विचित्र वाटतात. हा आमच्या वयाचा परिणाम की कार्टूनमध्येच फरक आहे? आणि इतकी मारामारी मुलांना दाखवावी का?

उत्तर: वयाला बोल लावू नका. फरक कार्टूनमध्येच आहे आणि तो फ्रेम (फिल्मवरचं एकेक चित्र) मोजून दाखवता येतो. मी कागदावर हाताने चित्रं काढून ॲनिमेशन शिकलो, पुढे बरीच वर्षं शिकवलं, आणि टायमिंगचा धडा आला की आजही वर्गात टॉमच लावतो. त्यामुळे हे उत्तर थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

या नावाखाली आपण जे काही बघतो ते निदान चार वेगवेगळ्या मंडळींनी, वेगवेगळ्या काळात आणि अगदी वेगवेगळ्या खर्चात केलेलं काम आहे. टीव्हीने ते एकापाठोपाठ एक दाखवलं, त्यामुळे सगळं एकाच कारखान्यातून आलं असावं असं वाटतं. तुमच्या आठवणीतलं पोट दुखवणारं ‘टॉम अँड जेरी’ बहुतेक करून पहिल्या काळातलं आहे. कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत एमजीएम या चित्रपट स्टुडिओच्या कार्टून विभागात विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने १९४० ते १९५८ या काळात ११४ लघुपट केले, ते हे. तेही टीव्हीसाठी केलेले नव्हते. चित्रपटगृहात मुख्य सिनेमाच्या आधी दाखवायचे, मोठ्या पडद्यासाठी, मोठ्यांनाही हसवायचे, म्हणून केलेले. ‘मुलांचं कार्टून’ हा शिक्का त्यांच्यावर नंतर बसला.

सुरुवात तशी कुणाच्या लक्षात यावी अशी नव्हती. १० फेब्रुवारी १९४० रोजी ‘पुस गेट्स द बूट’ नावाचा लघुपट आला. त्यातल्या बोक्याचं नाव जॅस्पर आणि उंदराला पडद्यावर नावच नाही. श्रेयनामावलीत हॅना-बार्बेरांचाही पत्ता नाही, तिथे निर्माता रूडॉल्फ आयझिंगचं नाव झळकतं. विभागाचा प्रमुख फ्रेड क्विम्बी याला मांजर-उंदराच्या जोडीत पुढे काही दम आहे असं वाटत नव्हतं. पण लघुपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि टेक्सासमधल्या चित्रपटगृहांच्या धंद्यातल्या एका वजनदार बाईंचं पत्र आलं की हे मांजर-उंदीर पुन्हा कधी येणार? मग चक्रं फिरली. नावांसाठी स्टुडिओतच स्पर्धा लावली, जॉन कार या ॲनिमेटरने सुचवलेली नावं चिठ्ठीतून निघाली आणि त्याला ५० डॉलर मिळाले. टॉम आणि जेरी या नावांनी दोघं पहिल्यांदा आले ते १९४१ च्या ‘द मिडनाइट स्नॅक’मध्ये.

‘पुस गेट्स द बूट’ आज बघाल तर तो संथ वाटेल. जॅस्परच्या अंगावर केस न् केस काढलेला, कपाळाला सुरकुत्या, चेहऱ्यावर छटाच छटा. हा बोका खऱ्या मांजरासारखा दिसावा म्हणून चित्रकारांनी जिवाचं रान केलेलं. पण विनोदाचं यंत्र मात्र पहिल्याच फटक्यात जुळलेलं आहे. घरातली बाई जॅस्परला दम भरते: आता एक जरी वस्तू फुटली तर घराबाहेर. हे उंदीर ऐकतो. मग तो टेबलाच्या कडेला एक ग्लास धरून उभा राहतो. बस्स. एवढ्याने मघाचा शिकारी जागच्या जागी गारठतो. उंदराकडे ना ताकद, ना हत्यार. त्याच्याकडे फक्त बोक्याची भीती आहे. बोका जमिनीवर उशा अंथरतो, पडणारी भांडी झेलत सुटतो आणि आपल्याला त्याची दया येऊ लागते. पुढच्या अठरा वर्षांतले अर्धेअधिक भाग याच किल्लीने उघडतात. टॉमला कशाची तरी धास्ती असते: मालकिणीची, झोपलेल्या स्पाइक कुत्र्याची, श्रोत्यांसमोर फजिती होण्याची. जेरी नेमका त्या धास्तीवर बोट ठेवतो.

म्हणून मी नेहमी म्हणतो, या मालिकेचा नायक टॉम आहे. जेरी गोड आहे, चतुर आहे, पण बऱ्याचदा खोड काढणाराही तोच असतो आणि त्याला बदलायची गरजच पडत नाही. भावना सगळ्या टॉमच्या वाट्याला आल्या आहेत. आशा, तोरा, लाचारी, कपट, प्रेमात वेडं होणं, डाव उलटतोय हे कळल्यावरचा तो घशात अडकलेला आवंढा. ॲनिमेटरला असं पात्र मिळणं म्हणजे नटाला भरलेली भूमिका मिळणं. इर्व्ह स्पेन्स, केनेथ म्यूझ, एड बार्ज, रे पॅटरसन ही त्या काळातली मोठी नावं. बारकाईने बघायची सवय लागली की कोणतं दृश्य कुणाच्या हातचं ते बरेचदा ओळखू येतं. स्पेन्सचा टॉम तोंड वासून, दात दाखवून, अंग पिळवटून अभिनय करतो. म्यूझचा टॉम रेखीव, गुळगुळीत, आणि त्याच्या जेरीचे गाल हमखास गुबगुबीत. (विद्यार्थ्यांना हा खेळ लावून दिला की तास कधी संपतो कळत नाही.)

आता मुद्द्याचं, म्हणजे हसू नेमकं कुठून येतं. हॅना आणि बार्बेरा यांनी कामाची वाटणी करून टाकली होती. बार्बेरा झरझर रेखाटनं करायचा; प्रसंग, विनोद, टॉमची मुद्रा कशी असेल, हे सगळं त्याच्या स्टोरीबोर्डवर, म्हणजे गोष्टीच्या ओळीने लावलेल्या कच्च्या चित्रांवर. हॅनाकडे टायमिंग. कोणती कृती किती फ्रेममध्ये बसवायची हे तो ठरवायचा, आणि त्याला संगीताची जाण असल्यामुळे तो ते सेकंदांत न मोजता ठोक्यांत मोजायचा. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम धावते. १२ फ्रेमला एक ठोका धरला तर सेकंदाला दोन ठोके, चालण्याची सुखद लय. ८ फ्रेमला ठोका धरला की सेकंदाला तीन, पाठलाग सुरू. सात मिनिटांच्या भागात १०,०८० फ्रेम भरतात आणि त्यातली एकही मोघम सुटलेली नसते. बारीक ओळींच्या तक्त्यावर वर कृती, खाली संगीत, असं आधीच लिहिलेलं असायचं, चित्रं त्यानंतर.

नवशिक्यांना वाटतं की विनोद धडक्यात आहे. म्हणून ते धडका मोठा करतात: तवा मोठा, तारे जास्त, डोळे बाहेर. प्रत्यक्षात तवा डोक्यावर यायला दोन-तीन फ्रेम पुरतात. डोळ्याला तो नीट दिसतही नाही. खरा खर्च त्याच्या आधीच्या थांब्यावर केलेला असतो. टॉमला कळतं की आता काय होणार आहे. तो हलत नाही. फक्त बुबुळं आपल्याकडे वळतात, कान किंचित खाली येतात, बारा-सोळा फ्रेम सगळं ठप्प. तेवढ्या वेळात प्रेक्षकही टॉमच्या शेजारी येऊन उभा राहिलेला असतो. मग फटका. मग पुन्हा एक छोटा थांबा, ज्यात दुखणं चेहऱ्यावर पसरतं. आणि मग ती आरोळी.

त्या आरोळीबद्दल सांगायलाच हवं, कारण ती खुद्द हॅनाच्या घशातली आहे. ध्वनिमुद्रण झाल्यावर आवाजाची चढती सुरुवात आणि उतरता शेवट कापून टाकायचे आणि मधला सगळ्यात जोरकस तुकडा तेवढा ठेवायचा. खरा माणूस ओरडतो तेव्हा आवाज चढायला क्षणभर लागतो. टॉमची आरोळी मात्र पहिल्याच फ्रेमपासून शिगेला पोचलेली असते आणि तशीच तुटते. दुखण्याचा आवाज असूनही ऐकणाऱ्याला दुखत नाही, हसू येतं, याचं एक कारण ही कापाकापी आहे.

दुसरा मोठा हात संगीतकार स्कॉट ब्रॅडलीचा. टॉम आणि जेरी जवळजवळ बोलतच नाहीत, त्यामुळे संवादांचं काम वाद्यवृंदाने करायचं. जेरी पाऊल उचलतो तिथे एक सूर, टॉमची भुवई उडते तिथे दुसरा. त्यात मध्येच लोकप्रिय गाण्याची ओळ, पुढच्या क्षणी अंगावर येणारा कर्कश मेळ. जवळपास वीस वादकांच्या ताफ्यात तो हे सगळं बसवायचा आणि वादकांचा घाम काढायचा. १९४४ च्या ‘पुटिन ऑन द डॉग’मध्ये जेरी कुत्र्याच्या पुतळ्याचं डोकं अंगावर घेऊन पळतो, नुसतं मुंडकं पळताना दिसतं. या दृश्याला ब्रॅडलीने चक्क शोएनबर्ग या आधुनिक संगीतकाराची बारा स्वरांची पद्धत वापरली. त्या काळी मैफलीत हे संगीत ऐकून जाणते श्रोतेही कपाळाला आठ्या घालायचे, आणि इथे चित्रपटगृहातली पोरं त्याच संगीतावर खिदळत होती.

एक प्रयोग करा. कोणताही जुना भाग आधी आवाज बंद करून बघा. मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. दोन्ही वेळा गोष्ट कळते. हे फार थोड्या कार्टूनांना जमलं आहे, आणि ज्या भागांना तुम्ही विचित्र म्हणता त्यांना तर मुळीच जमलेलं नाही.

वेगाचं श्रेय थोडं शेजाऱ्यालाही द्यायला हवं. १९४२ च्या सुमारास दिग्दर्शक टेक्स एव्हरी वॉर्नर हा स्टुडिओ सोडून एमजीएमच्या याच विभागात काम करू लागला. त्याच्या कार्टूनांचा धडाका बघून हॅना-बार्बेरांनीही पट्टी वाढवली. १९४१ चा टॉम आणि १९४५ चा टॉम शेजारी ठेवून बघा: केसाळपणा गेला, रेषा मोकळी झाली, डोळ्यांच्या वर जाड भुवया आल्या म्हणजे भाव दुरूनही वाचता येतात, आणि वेग जवळजवळ दुप्पट वाटतो. १९४३ ते १९४६ या काळातलं काम मला सगळ्यात आवडतं. चित्र अजून भरगच्च आहे आणि टायमिंग मात्र सुरीसारखं झालं आहे.

या काळातला एक भाग घेतो, ‘माउस ट्रबल’, १९४४. टॉमला टपालाने पुस्तक येतं: उंदीर कसा पकडावा. प्रकाशकाचं नाव ‘रँडम माउस’, ‘रँडम हाउस’ या बड्या प्रकाशनसंस्थेला काढलेला चिमटा. मग पुस्तकातला एकेक धडा आणि त्याची वाट. जिज्ञासू उंदीर सहज सापडतो, असा एक धडा. टॉम पुस्तकात डोकं घालून एकटाच खुदखुदत बसतो. जेरीला राहवत नाही, तो डोकवायला येतो. हा डाव जमतो बरं का, उंदीर पानांत सापडतो. आणि तरीही शेवटी मार टॉमलाच. पुढचा धडा: कोपऱ्यात कोंडलेला उंदीर कधी लढत नाही. टॉम जेरीला कोपऱ्यात गाठतो, कॅमेरा तिथे जातच नाही, आपल्याला फक्त आवाज ऐकू येतात. मग छिन्नविच्छिन्न टॉम प्रेक्षकांकडे बघून खर्जातल्या आवाजात म्हणतो, यावर विश्वास ठेवू नका. संपूर्ण भागात तो एवढंच बोलतो. मारामारी न दाखवता दाखवण्याचा इतका काटकसरीचा धडा दुसरीकडे मिळणार नाही: एकही हाणामारीचं चित्र काढलं नाही आणि हशा सगळ्यात मोठा.

त्याच भागात आणखी एक गंमत आहे. मधल्या एका प्रसंगात बंदुकीच्या बाराने टॉमच्या टाळूवरचे केस उडतात. एरवी कार्टूनमध्ये पुढच्या दृश्यात सगळं पूर्ववत होतं. इथे टॉम उरलेला भाग नारिंगी टोप घालून वावरतो. कुणी त्याकडे लक्ष वेधत नाही, टोपावर वेगळा विनोद नाही. तो आहे, बस्स. लेखनातली ही शिस्त आहे: नियम मोडायचा तर एकदाच, आणि चेहरा सरळ ठेवून. ‘माउस ट्रबल’ला ऑस्कर मिळालं, ते उगाच नाही.

ऑस्करं एकूण सात, नामांकनं तेरा. सर्वांत गाजलेलं ‘द कॅट कॉन्सर्टो’, १९४७. शेपटीचा कोट घालून टॉम मंचावर येतो आणि संगीतकार लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हाप्सडी पियानोवर वाजवू लागतो. जेरी पियानोच्या पोटात झोपलेला. हातोड्यांच्या ठोक्यांनी त्याची झोपमोड होते आणि तिथून पुढे युद्ध. पण हे युद्ध भर मैफलीत चाललं आहे, टॉमला वाजवणं थांबवता येत नाही. तीच जुनी किल्ली: श्रोत्यांची लाज. बोटं झाकणाखाली चेपली जातात, पट्ट्यांच्या जागी उंदीर पकडायचा सापळा येतो, तरी चेहऱ्यावरचा कलावंताचा आव सुटत नाही. पियानो वाजवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट जाणवेल. टॉमची बोटं जिथे पडतात तिथे बऱ्याच अंशी खरोखर त्या स्वरांच्या पट्ट्या आहेत. हातांची हालचाल खऱ्या वादनावर बेतलेली आहे, आणि गोम अशी की टॉमला चार बोटांचा हात आहे. पाच बोटांचं वादन चार बोटांत बसवून ते खरं वाटायला लावणं काय असतं, हे ज्याने कधी हाताची शंभर चित्रं ओळीने काढली आहेत त्यालाच कळेल.

याच सुमारास वॉर्नरने बग्स बनीला घेऊन जवळजवळ तीच कल्पना, तीच लिस्टची रचना वापरून ‘ऱ्हाप्सडी रॅबिट’ केला. दोन्ही स्टुडिओंनी एकमेकांवर उचलेगिरीचे आरोप केले. मला विचाराल तर वॉर्नरचा विनोद चलाख आहे, पण अभिनय टॉमचा.

१९४५ च्या ‘अँकर्स अवे’ या चित्रपटात जेरी जीन केली या नर्तक-नटाबरोबर नाचला, तो प्रसंगही आवर्जून बघा. आधी केलीचं चित्रीकरण, मग त्याच्या हालचालींशी जुळवून फ्रेमगणिक जेरी. सगळं पुरं झाल्यावर लक्षात आलं की चकचकीत फरशीत केलीचं प्रतिबिंब दिसतं, जेरीचं दिसत नाही. मग पुन्हा बसून जेरीचं प्रतिबिंब काढलं. बघणाऱ्याला ते जाणवतही नाही, आणि तेच त्या मेहनतीचं यश आहे.

मग ओहोटी. १९५० च्या दशकात खर्चाला कात्री लागत गेली. पार्श्वभूमी सपाट झाली, रेषा जाड झाल्या, १९५४ पासून सिनेमास्कोपचा रुंद पडदा आला. क्विम्बी १९५५ मध्ये निवृत्त झाला. दरम्यान हिशेबनिसांना एक शोध लागला: जुने भाग पुन्हा प्रदर्शित केले तरी जवळजवळ नव्याइतकेच पैसे येतात. मग नवे करायचे कशाला? १९५७ मध्ये विभागच बंद केला. हॅना आणि बार्बेरा यांनी स्वतःची कंपनी काढली आणि टीव्हीकडे वळले. टीव्हीचा पैसा एमजीएमच्या मानाने चिल्लर. म्हणून त्यांनी चित्रं वाचवायच्या युक्त्या काढल्या. पात्राचं धड स्थिर ठेवायचं, डोकं आणि तोंड तेवढं हलवायचं. योगी बेअर या त्यांच्या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का आहे? डोकं वेगळ्या सेलवर (चित्र रंगवायच्या पारदर्शक पत्र्यावर) असतं, त्याचा सांधा लपवायला. सात-सात ऑस्करं मिळवणाऱ्या हातांनी हा काटकसरीचा संसार हसत केला आणि त्यातून द फ्लिंटस्टोन्स, स्कूबी-डू उभे राहिले. ज्याची त्याची आवड; मला मात्र फ्लिंटस्टोन्सच्या घरातलं तेच टेबल, तीच खिडकी पुन्हा पुन्हा मागे पळताना दिसली की टॉमची आठवण येते.

तुम्हाला विचित्र वाटलेले भाग बहुधा यानंतरचे. १९६१-६२ मध्ये १३ लघुपट जीन डाइच या दिग्दर्शकाने प्रागमध्ये केले. डाइच काही लेचापेचा माणूस नव्हता, त्याच्या ‘मन्रो’ या लघुपटाला ऑस्कर मिळालेलं. पण पैसा तुटपुंजा, चेकोस्लोव्हाकियातल्या कलाकारांनी मूळ भाग फारसे पाहिलेले नाहीत, आणि खुद्द डाइचला या मालिकेतली मारामारी आवडत नव्हती. परिणाम पडद्यावर दिसतो. आवाज विहिरीतून आल्यासारखे घुमतात, हालचाल झटके खात होते, आणि टॉमच्या चेहऱ्यावरचा तो थांबा गायब. फटका आहे, आधीचा क्षण नाही. मग टॉमला मार बसला की हसू येण्याऐवजी वाईट वाटतं. काही भागांत टॉमचा तापट मालक त्याला ज्या त्वेषाने बदडतो ते बघून तर मलाही कसंसंच होतं. तरीही एक सांगतो, या भागांचं एक स्वप्नाळू, भुताटकीचं वातावरण आहे आणि त्याचे चाहते आहेत. लहान मुलं त्यांत नसतात.

त्यानंतर १९६३ ते १९६७ चक जोन्स या दिग्दर्शकाने ३४ भाग केले. सुरुवातीला एमजीएमचा सिंह डरकाळी फोडतो आणि त्याच्या जागी टॉम म्याव करतो, ते आठवतंय? ते जोन्सचे. चित्रं देखणी, पार्श्वभूमी सुरेख, टॉमच्या भुवया दाट आणि जेरीचे डोळे-कान मोठे. पण जोन्सचा पिंड मुद्राभिनयाचा. त्याची पात्रं एकमेकांकडे बघत, पापण्या फडफडवत राहतात. पाठलागाची हाव त्यांच्यात नाही. बघायला छान, हसायला जेमतेम.

१९७५ ची टीव्ही मालिका मी दोन ओळींत संपवतो. तोवर अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमांतल्या हिंसेवर निर्बंध आले होते, म्हणून टॉम आणि जेरी मित्र झाले आणि हातात हात घालून सफरीला निघाले. जेरीच्या गळ्यात लाल बो आला. पाठलाग काढून घेतल्यावर उरतं काय? एक बोका आणि एक उंदीर.

आता मारामारीचा प्रश्न. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे खोटं आहे हे कळतं का, तर टॉम चपटा होऊन दाराखालून येतो आणि अंग झटकून पुन्हा गोल होतो, हे बघूनच ते कळतं. रक्त नाही, जखम टिकत नाही, आणि मारणाऱ्यालाही पुढच्या मिनिटाला खायला लागतं. मला हिंसेपेक्षा इतर गोष्टींची जास्त काळजी वाटते, आणि तिथे आईवडिलांनी शेजारी बसावं. पहिली म्हणजे घर सांभाळणारी ती कृष्णवर्णीय बाई, जिचे बहुतेक वेळा पायच दिसतात. लिलियन रँडॉल्फच्या आवाजाने ती जिवंत केली, पण पात्र त्या काळातल्या वर्णद्वेषी साच्यातलंच आहे. त्यावर तेव्हाच निषेध झाले, १९५२ नंतर ती दिसत नाही, आणि टीव्हीवर दाखवताना काही भागांत तिच्या जागी दुसरी बाई काढून आवाजही बदलला. तसंच स्फोटानंतर चेहरा काळा पडून केलेले विनोद. हे टीव्हीवर बरेचदा कापलेले असतात. न कापलेली प्रत मिळाली आणि मुलाने विचारलं, तर तेव्हा असं का दाखवायचे ते सरळ सांगावं. सिगारेटही आहेच: २००६ मध्ये ब्रिटनमध्ये एका तक्रारीनंतर वाहिनीने तशी काही दृश्यं कापायचं कबूल केलं होतं. आणि १९५६ चा ‘ब्लू कॅट ब्लूज’ लहानांना दाखवू नका. प्रेमभंग झालेला टॉम आणि पाठोपाठ जेरी रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसतात, तिथे तो संपतो. हा विनोद मुलांसाठी नाही, मोठ्यांनाही तो जड जातो.

काय बघायचं याची माझी निवड सांगतो. अगदी लहान मुलं असतील तर ‘द मिल्की वेफ’ (१९४६) पासून सुरुवात करा. त्यात लंगोट बांधलेलं छोटं खादाड उंदीर पहिल्यांदा येतं आणि मुलं त्याच्यावर जीव टाकतात. फक्त वरची काळ्या केलेल्या चेहऱ्यांच्या विनोदांची सूचना त्यालाही लागू आहे. मग ‘क्वाएट प्लीज’ (१९४५): स्पाइकला झोपायचंय, आवाज झाला तर टॉमची खैर नाही, आणि जेरी आवाज करणार. मुलांना नियम एका वाक्यात कळतो. त्यानंतर ‘सॉलिड सेरेनेड’ (१९४६), टॉम डबल बास हे भलंमोठं तंतुवाद्य घेऊन प्रेयसीच्या खिडकीखाली गातो तो. ‘माउस ट्रबल’ मुलं वाचायला लागल्यावर. ‘द कॅट कॉन्सर्टो’ कधीही.

कोणता भाग कुणाचा हे ओळखायला सुरुवातीच्या पाट्या थांबवून वाचा. हॅना-बार्बेरा आणि निर्माता म्हणून फ्रेड क्विम्बी ही नावं एकत्र दिसली की निर्धास्त बसा. क्विम्बीचं नाव नसेल आणि हॅना-बार्बेराच निर्माते असतील तर तो १९५५ नंतरचा, मजा थोडी पातळ. दिग्दर्शक म्हणून डाइचचं नाव असेल तर पुढचा लावा.